वसाहतींमधून गोळा केलेले अशनी आता कोणाचे?

अश्मयोगी

२५ ऑगस्ट १८६५. बिहारमधल्या गया जिल्ह्यात शेरघाटीला सकाळी मोठा आवाज झाला आणि सुमारे पाच किलोचा एक अशनी, म्हणजे आकाशातून येणारा दगड, येऊन पडला. गावकऱ्यांनी पाहिला, उचलला, तिथल्या इंग्रज अधिकाऱ्याच्या हवाली केला आणि तो कलकत्त्याला गेला. आज आपण जाणतो की तो मंगळावरून आलेला आहे. त्या जातीच्या सगळ्या मंगळी दगडांना जगभर ‘शेरगोटाइट’ म्हणतात. त्याचा सर्वात मोठा भाग आजही कोलकात्यात, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहे.

आता दुसरा दगड घ्या. २८ फेब्रुवारी १८५७, मदुराईजवळचं पर्नाली. इथे दोन दगड पडले. त्यातला साठ किलोंचा मोठा दगड मद्रास सरकारकडून ब्रिटिश म्युझियमला गेला आणि आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे.

मधे जेमतेम आठ वर्षं, राज्य तेच, सरकार त्याच लोकांचं. तरी एक इथे राहिला, एक गेला. मूर्ती, हिरे, तलवारी परत मागण्याबद्दल आपण तावातावाने बोलतो. अशनींबद्दल कोणी काही बोलत नाही. माझं मत स्पष्ट आहे: मुख्य भाग ज्या देशात पडला तिथे असावा आणि पातळ काप अभ्यासासाठी जगभर जावेत. तुम्हाला काय वाटतं?

टवाळ_पोर

शेरघाटी मंगळावरून आला असेल तर मूळ मालक मंगळच की! तिथून अजून कोणी अर्ज केलेला दिसत नाही.

रेवती_के

@टवाळ_पोर, :D

पण मला खरंच विचारायचंय. मंगळावरून आला हे कळतं कसं? कोणी तिथे जाऊन ताडून तर पाहिलेलं नाही.

भूगर्भ

रेवतीताई, चांगला प्रश्न. १९७९-८० च्या मोहिमेत अंटार्क्टिकात एलिफंट मोरेन भागात एक दगड सापडला, शेरघाटीच्याच घराण्यातला. त्याच्या आत काचेचे बारीक ठिपके होते. मंगळावर आघात होऊन दगड वितळला, तेव्हा तिथली हवा त्या काचेत अडकून पडली होती. १९८३ मध्ये बोगार्ड आणि जॉन्सन या शास्त्रज्ञांनी ती हवा मोजली. व्हायकिंग यानांनी मंगळावर उतरून तिथलं वातावरण मोजलेलं होतंच. आकडे जुळले. त्याआधीही संशय होता, कारण बहुतेक अशनी सुमारे साडेचारशे कोटी वर्षांचे असतात आणि हे दगड त्या मानाने फार तरुण. लघुग्रहावर इतक्या अलीकडे लाव्हा वाहणार कुठून?

धागाकर्त्यांच्या मुद्द्यावर: शेरघाटीचा काप व्हिएन्नाला गेला म्हणून त्यात नवीन पदार्थ सापडला. १८७२ मध्ये तिथले खनिजतज्ज्ञ चेरमाक यांनी त्यातल्या स्वच्छ, काचेसारख्या भागाला ‘मास्केलिनाइट’ नाव दिलं. मास्केलिन म्हणजे ब्रिटिश म्युझियमच्या खनिज विभागाचे त्या वेळचे प्रमुख. म्हणजे दगड बिहारचा, अभ्यास ऑस्ट्रियात, नाव इंग्रजाचं. साम्राज्याचा सगळा नकाशा एका कणात.

सातारकर

भूगर्भसाहेब, तुमचं शेवटचं वाक्य वाचून राग आला, तुमच्यावर नाही, परिस्थितीवर. ज्याच्या शेतात पडला त्याचं नाव कुठे आहे?

जुनाजाणता

राग समजतो, पण चित्र इतकं सरळ नाही.

१८५२ च्या डिसेंबरात गोरखपूरच्या बाजूला बस्तीजवळ एक अशनी पडला. तो लंडनला पोचला तो जॉर्ज ऑस्बर्न नावाच्या माणसामुळे. मास्केलिनना त्यात दोन खनिजं सापडली, पृथ्वीवर तोवर न पाहिलेली. एक तपकिरी, कॅल्शियम सल्फाइडचं, त्याला भारतातल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांचं नाव दिलं: ओल्डहॅमाइट. दुसरं टायटॅनियम नायट्राइडचं, सोनेरी रंगाचे अगदी बारीक अष्टफलक, त्याला ऑस्बर्नाइट. ओल्डहॅमाइट दमट हवेत टिकत नाही, विघटन पावतं. तो दगड दोन-चार पावसाळे शेतात पडून राहता तर हे खनिज कोणाच्याही हाती लागलं नसतं. गोळा करणाऱ्यांची घाई विज्ञानाच्या कामी आली, हे मान्य करायला हवं.

आणि उलट दिशेचाही व्यवहार झालाय. मँचेस्टरच्या रॉबर्ट ग्रेग यांच्याकडे अशनींचा मोठा खाजगी संग्रह होता. १८६५ मध्ये तो कलकत्त्याने विकत घेतला. म्हणजे युरोपात पडलेले कितीतरी तुकडे समुद्र ओलांडून इकडे आले. मग तेही परत द्यायचे का?

अश्मयोगी

@जुनाजाणता, ग्रेगचा संग्रह पैसे मोजून घेतला, आणि ते पैसे इथल्या रयतेच्या करातून आलेले. पर्नालीच्या लोकांना कोणी किंमत विचारली होती का? खरेदी आणि राज्यकर्त्याने पाठवून देणं, या दोन गोष्टी एका तराजूत घालता येत नाहीत.

जुनाजाणता

हा फरक मान्य.

मेलबर्नकर

इथे राहतो म्हणून क्रॅनबर्नबद्दल लिहितो. या चर्चेला अगदी लागू पडणारी गोष्ट आहे.

मेलबर्नच्या आग्नेयेला क्रॅनबर्न गाव आहे. तिथे जमिनीतून लोखंडाचे प्रचंड गोळे वर डोकावत होते. मूळ रहिवाशांना ते ठाऊक होतेच. १८५४ च्या मेलबर्नच्या प्रदर्शनात त्या लोखंडाचा एक घोड्याचा नाल मांडला होता, तेव्हा गोऱ्या वसाहतीचं लक्ष गेलं. सर्वात मोठा गोळा साडेतीन टनांचा. जेम्स ब्रूस नावाच्या वसाहतवाल्याने तो विकत घेऊन ब्रिटिश म्युझियमला द्यायचं ठरवलं. दुसरा दीड टनांचा, तो एबल नावाच्या गृहस्थाने घेतला आणि इंग्लंडला पाठवला.

मेलबर्नमध्ये यावरून वादळ उठलं. इथल्या राष्ट्रीय संग्रहालयाचे प्रमुख फ्रेडरिक मॅकॉय यांचं म्हणणं, आमच्या मातीतली एवढी मोठी वस्तू बाहेर का जावी? शेवटी तोड निघाली. ब्रिटिश म्युझियमने एबलचा गोळा स्वतः विकत घेतला आणि मेलबर्नला परत दिला, बदल्यात ब्रूसचा मोठा गोळा १८६५ मध्ये लंडनला गेला. दीड टन दिला, साडेतीन टन नेला.

यात मला टोचतं ते असं: भांडण झालं वसाहतवाल्या गोऱ्यांत आणि लंडनच्या गोऱ्यांत. ज्यांच्या भूमीत ते गोळे होते, त्या बूनवुरुंग लोकांना त्या व्यवहारात कोणी विचारलं नाही. म्हणून ‘मूळ देश’ म्हणताना कोणाला मोजायचं, हे आधी ठरवावं लागेल.

कोकणी माणूस

आमच्या वाडीत पडला तर आधी भावाभावांत सातबाऱ्यावरून जुंपेल, मग सरकार येईल. :)

ॲड_मंदार

कोकणी माणूस, तुम्ही गमतीत लिहिलंय पण अमेरिकेत यावर खरोखर खटले झालेत.

१८९० मध्ये आयोवात अशनी पडला. ज्याने खणून काढला त्याने विकला, जमीनमालक कोर्टात गेला. १८९२ मध्ये निकाल लागला: अशनी जमिनीचा भाग, म्हणजे जमीनमालकाचा. त्याहून रंजक विलामेटचा खटला. ओरेगनमध्ये सुमारे साडेपंधरा टनांचा लोखंडी अशनी एका कंपनीच्या जमिनीवर होता. शेजारी एलिस ह्यूज. त्याने १९०३ मध्ये लाकडी गाडा बांधून, घोडा जुंपून, कित्येक महिने खपून तो पाऊण मैल ओढत स्वतःच्या जमिनीवर आणला आणि बघायला येणाऱ्यांकडून पैसे घेऊ लागला. कंपनीने दावा लावला, १९०५ मध्ये जिंकली. पुढे तो न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत गेला.

तिथल्या मूळच्या क्लॅकमस लोकांसाठी मात्र तो पवित्र होता. त्याच्या खळग्यांत साठलेल्या पावसाच्या पाण्याला ते औषधी मानत. २००० मध्ये त्यांच्या वारसांशी संग्रहालयाने करार केला: दगड न्यूयॉर्कलाच राहील, पण त्यांना वर्षातून एकदा तिथे खाजगी विधी करता येईल. माझ्या मते हा करार या धाग्यासाठी सगळ्यात उपयोगी उदाहरण आहे. ‘द्या’ आणि ‘देत नाही’ यांच्या मधेही जागा असते.

टवाळ_पोर

घोडा जुंपून साडेपंधरा टन! आणि आमच्या सोसायटीत फ्रिज तिसऱ्या मजल्यावर न्यायला माणसं मिळत नाहीत.

रेवती_के

ओढून नेण्याचा विषय निघालाच आहे तर ग्रीनलंड विसरू नका. मला ही गोष्ट वाचून झोप लागली नव्हती.

केप यॉर्क भागात इनुइट लोकांकडे लोखंडाचे तीन मोठे तुकडे होते. एकाला ते बाई म्हणत, एकाला कुत्रा, सर्वात मोठ्याला तंबू. पिढ्यान् पिढ्या ते त्यातून लोखंडाची पातळ ढलपी काढायचे, हाडाच्या मुठीत बसवून सुऱ्या आणि भाल्यांची टोकं करायचे. बाईच्या आजूबाजूला बसाल्टच्या हातोड्या-दगडांचा अक्षरशः खच पडलेला आहे. तो बसाल्ट त्या जागचा नाही, लोकांनी लांबून वाहून आणलेला. १८१८ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जॉन रॉस तिथे पोचला तेव्हा त्याला या सुऱ्या दिसल्या आणि युरोपला पत्ता लागला की इथे कुठेतरी लोखंड आहे.

मग आला अमेरिकन ध्रुव-संशोधक रॉबर्ट पेअरी. १८९४ मध्ये एका स्थानिकाने त्याला जागा दाखवली. १८९५ ला बाई आणि कुत्रा गेले, १८९७ ला तंबू. तो ३१ टनांचा. पुढे न्यूयॉर्कच्या त्याच संग्रहालयाने या तिन्हींचे ४०,००० डॉलर मोजले.

त्याच जहाजावरून सहा इनुइट माणसंही न्यूयॉर्कला आणली होती. चार जण काही महिन्यांत क्षयाने गेले. लहानगा मिनिक मागे राहिला. त्याच्या समजुतीसाठी बापाच्या दफनाचा देखावा केला गेला आणि सांगाडा संग्रहालयातच ठेवला. ती चौघांची हाडं १९९३ मध्ये ग्रीनलंडमधल्या कानाकला परत गेली. लोखंड अजून न्यूयॉर्कमध्येच आहे.

सातारकर

ताई, हे माहीत नव्हतं. काय बोलावं सुचत नाही.

नेमका_मुद्दा

रेवतीताई, ग्रीनलंड अमेरिकेची वसाहत नव्हती, डेन्मार्कची होती. धाग्याचा विषय वसाहत आणि राष्ट्रीय संग्रहालय असा आहे.

रेवती_के

नेमका, मग डेन्मार्कचंच घ्या. १९६३ मध्ये डॅनिश अभ्यासक वाग्न बुखवाल्ड यांना त्याच केप यॉर्क भागात २० टनांचा आणखी एक तुकडा सापडला, आगपालिलिक. तो कोपनहेगनला नेला. त्याचा भलामोठा काप घासून, आम्लाने धुऊन ठेवलेला आहे, लोखंड-निकेलच्या स्फटिकांची आडवीतिडवी पट्टेदार जाळी स्वच्छ दिसते. बघणाऱ्याला ती जाळी सुंदरच वाटणार. पण ज्यांच्या आज्या-पणज्या या लोखंडावर सुऱ्या घडवत होत्या, त्यांनी ती बघायला समुद्र ओलांडायचा का?

भूगर्भ

ती जाळी लाखो वर्षांत काही अंश सेल्सिअस इतक्या सावकाश थंड होण्याने बनते. प्रयोगशाळेत करता येत नाही. म्हणून असा मोठा काप कुठेतरी उघड्यावर सर्वांना दिसायला हवा, यात शंका नाही. कुठे, हाच प्रश्न.

अवांतर: १४ जुलै १८६० ला धरमशाळेला अशनी पडले, तेव्हा लगेच उचललेले तुकडे इतके गार होते की लोकांची बोटं बधिर झाली, अशी नोंद आहे. अशनी म्हणजे लालभडक निखारा, ही समजूत डोक्यातून काढायला हे एक उदाहरण पुरतं. वातावरणातून येताना बाहेरचा पातळ थर जळतो, आतला दगड अंतराळातलाच थंडगार राहतो.

लेखणीबहाद्दर

जुन्या नोंदींबद्दल एक सांगतो, कारण इथे सगळे दगडाबद्दल बोलतायत, माणसांबद्दल कमी.

१९ डिसेंबर १७९८, काशीजवळच्या क्राखुट गावात रात्री अशनींचा वर्षाव झाला. जॉन लॉइड विल्यम्स या इंग्रजाने लोकांना विचारून जबान्या गोळा केल्या. एका राखणदाराच्या झोपडीचं छप्पर फोडून दगड आत आला आणि जमिनीत रुतला होता. ही हकिगत आणि दगड लंडनला पोचले. रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्या पुढाकाराने रसायनतज्ज्ञ एडवर्ड हॉवर्ड यांनी काशीचा दगड, इंग्लंडमधल्या वोल्ड कॉटेजचा, इटलीतल्या सिएनाचा आणि बोहेमियातला असे एकत्र तपासले. १८०२ मध्ये निष्कर्ष आला: सगळ्यांतल्या लोखंडात निकेल. इतक्या लांब लांब पडलेले दगड एकसारखे, म्हणजे ते स्थानिक नाहीत. आकाशातून दगड पडतात हे तोवर बहुतेक विद्वान मान्य करत नव्हते. ते मान्य व्हायला काशीच्या त्या राखणदाराची साक्ष कामी आली.

म्हणून मला ‘लुटून नेलं’ म्हणायला जड जातं. चार ठिकाणचे दगड एका टेबलावर आले नसते तर हे कळलंच नसतं. मात्र त्या राखणदाराचा उल्लेख संग्रहालयातल्या पाटीवर मोठ्या अक्षरात हवा, एवढा माझा आग्रह आहे.

अश्मयोगी

@लेखणीबहाद्दर, फार छान लिहिलंत. एका टेबलावर आणण्याबद्दल माझा विरोध कधीच नव्हता. हॉवर्ड यांना लागले ते थोडेसे कण. परीक्षेला आज तर त्याहून कमी लागतं, ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की अर्धं काम झालं. त्यासाठी साठ किलोंचा अख्खा दगड लंडनला कशाला हवा?

जुनाजाणता

कशाला हवा त्याचं उत्तर क्वीन्सलँडच्या टेनहॅममध्ये आहे. १८७९ मध्ये तिथे अशनींचा पाऊस पडला, शंभरावर दगड लंडनच्या संग्रहालयात गेले. १९६९ मध्ये टेनहॅमच्या दगडात रिंगवुडाइट हे खनिज सापडलं, २०१४ मध्ये ब्रिजमनाइट. पृथ्वीच्या पोटात सर्वात जास्त असलेलं खनिज ते हेच, पण निसर्गातला नमुना कोणाच्या हाती लागत नव्हता. पडल्यानंतर १३५ वर्षांनी सापडलं! १८७९ ला ‘थोडे कण ठेवा’ म्हटलं असतं तर? पुढच्या पिढ्यांकडे कोणती यंत्रं येतील ते आज सांगता येत नाही, म्हणून भरपूर साठा लागतो.

संत्रानगरी

जुनाजाणता काका, साठा लागतो हे खरं, पण तो लंडनलाच का लागतो? आमचंच उदाहरण घ्या.

२२ मे २०१२, भर उन्हाळ्याची दुपार. काटोलकडे धडाडधूम आवाज झाला. आमच्याकडे आधी सगळ्यांना वाटलं दारूगोळ्याचा स्फोट. मग एकेका गावातून बातम्या यायला लागल्या, काळे दगड सापडतायत म्हणून. लोक हातात घेऊन बघत होते, वरून काळपट पापुद्रा, फुटलेल्या कडेला आतून फिकट राखाडी. नंतर भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची माणसं आली आणि नमुने गेले.

२०२१ मध्ये आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी काटोलच्या दगडात लोह असलेलं ब्रिजमनाइट शोधून काढलं. तुम्ही टेनहॅमचं ज्या खनिजासाठी कौतुक केलंत तेच. दगड विदर्भाचा आणि शोध भारतातल्या संस्थेने लावला. मुख्य भाग देशात राहिला म्हणून विज्ञान अडलं नाही.

कोकणी माणूस

संत्रानगरी, एक नंबर. +१

जुनाजाणता

काटोलबद्दल मनापासून अभिमान आहे, आणि तुमचा मुद्दा मला पटला. मग माझी भूमिका अशी: यापुढे जे पडेल ते इथेच. पूर्वी गेलेलं मागण्यात शक्ती घालवू नये.

मेलबर्नकर

‘यापुढे’ म्हणताना वसाहती संपल्यात असं धरू नका. पैशाच्या जोरावर तेच चाललंय. जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्कला मंगळाचा २४.६७ किलोंचा दगड लिलावात ५३ लाख डॉलरला गेला. तो नायजरच्या वाळवंटात २०२३ मध्ये सापडलेला. विक्रीनंतर नायजर सरकारने चौकशी सुरू केली, आमच्या देशातून गेला कसा म्हणून. सोमालियातल्या एल अलीचा १५ टनांचा लोखंडी अशनीही असाच. तिथले गुराखी त्याच्यावर सुऱ्या परजायचे, आणि तो बाहेर गेला. हातात राहिलेल्या लहानशा कापात २०२२ मध्ये नवीन खनिजं सापडली. मुख्य तुकडा अभ्यासकांच्या हाती नाही.

ब्रिटिश म्युझियमने नेलेला दगड निदान अभ्यासकाला मागून मिळतो. खाजगी तिजोरीतला मिळत नाही. दोन्हींवर रागवायचं असेल तर दुसऱ्यावर मी जास्त रागावेन.

ॲड_मंदार

सहमत. म्हणून कायदा आधी. ऑस्ट्रेलियाने १९८६ च्या कायद्याने निर्यातीवर बंधन घातलं. डेन्मार्कमध्ये अशनी सापडला तर तो राष्ट्राचा, सापडणाऱ्याला मोबदला मिळतो. मोबदला महत्त्वाचा. नाहीतर गावकरी दगड लपवतील किंवा दलालाला देतील.

टवाळ_पोर

मोबदला मिळणार असेल तर मी आजपासून रात्री गच्चीत झोपतो. (हेल्मेट घालून.)

रेवती_के

मूळ प्रश्नाकडे येते. अश्मयोगी, पर्नालीबद्दल तुम्ही नेमकं काय मागाल? अख्खा दगड?

अश्मयोगी

रेवतीताई, सगळ्यांचं वाचून माझं म्हणणं आणखी पक्कं झालंय. पर्नालीचा मोठा तुकडा तामिळनाडूत यावा. लंडनकडे अभ्यासाला पुरेल एवढा भाग राहू दे, काही हरकत नाही. विलामेटसारखा करार करून सुरुवात झाली तरी चालेल: ठरावीक वर्षांसाठी उसना, मदुराईत प्रदर्शन, तिथल्या विद्यार्थ्यांना त्यावर काम करायची मुभा. नामिबियाने करून दाखवलंय. तिथल्या गिबेऑनचे लोखंडी अशनी जर्मन राजवटीत विंडहुकला गोळा झाले, त्यातले काही परदेशी गेले, पण बरेचसे आज विंडहुकच्या पोस्ट स्ट्रीट मॉलमध्ये भर रस्त्यात खांबांवर मांडलेत. बाजाराला आलेला माणूस जाता-येता हात लावतो. नामिबियातलाच होबाचा ६० टनांचा तर जिथे सापडला तिथेच आहे. टांझानियात म्बोझीचाही १६ टनांचा जागेवर आहे. वजनामुळे वाचले म्हणा, पण आज त्यांच्यामुळे ती गावं जगाला माहीत आहेत.

नेमका_मुद्दा

होबा १९२० ला सापडला तेव्हा तिथे दक्षिण आफ्रिकेचा अंमल होता. बाकी तुमच्या मागणीशी सहमत.

लेखणीबहाद्दर

विंडहुकची कल्पना मला लंडनच्या काचेपेक्षा आवडली. हात लावता आला पाहिजे.

भूगर्भ

लोखंडी अशनींना सारखा हात लावला तर घामाच्या क्षाराने गंज चढतो. क्रॅनबर्नचे गोळे तर गंजण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. एखादा तुकडा हात लावायला ठेवावा, बाकी कोरड्या हवेत.

सातारकर

आपल्याकडचे जुने कोणते? काटोल सोडून.

भूगर्भ

वऱ्हाडातला चंदकापूर, १८३८. तुमच्या जिल्ह्यातला कळंबी, १८७९. परभणीकडचा नावकी, १९२८, तेव्हा निजामाचं राज्य. प्रत्येकाच्या मागे एकेक गाव आहे, आणि बहुतेक गावांत आज कोणाला पत्ता नसेल.

सातारकर

कळंबी आमच्या जिल्ह्यातला! येत्या सुट्टीत वाईकडे जाणार आहे. गावात विचारतो, शाळेतल्या मास्तरांना भेटतो. एखाद्याच्या घरी जुना काळा दगड निघाला तर काय करू?

भूगर्भ

फोटो काढा, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून. कुठे आणि कोणाला मिळाला ते घरच्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. धुऊ नका, घासू नका, आणि कृपा करून लोहचुंबक लावून बघू नका. हे सगळेच करतात. जोरदार चुंबकाने दगडातली मूळ चुंबकीय नोंद पुसली जाते, ती पुन्हा मिळत नाही. वजन करा, तुटलेल्या कडेचा वेगळा फोटो घ्या आणि नागपूरला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवा. दगड मात्र घरच्यांकडेच राहू दे.

अश्मयोगी

@सातारकर, फोटो मिळाले तर इथेच टाका. आणि मास्तरांना हा धागा दाखवा, मुलांना काशीच्या राखणदाराची गोष्ट सांगायला सांगा.